टॅबलेटला कळफलक हवा, पण कोणता?

हातात मावणाऱ्या टॅबलेटवर पाठ वाचता येतो, चित्रफीत पाहता येते. पण निबंध लिहायचा म्हटले की काचेवर बोटे आपटून कंटाळा येतो. शिवाय पडद्यावरचा कळफलक अर्धा पडदा व्यापतो तो वेगळाच. मग बिनतारी कळफलक घेण्याचा विचार येतो. दुकानात गेल्यावर मात्र प्रश्न पडतात. ज्यावर मराठी अक्षरे छापलेली नाहीत, त्यावर मराठी लिहिता येईल का? महाग कळफलक जास्त वेगाने चालतो का? जाहिरातीपेक्षा थोडे भौतिकशास्त्र येथे अधिक उपयोगी पडते. ते कसे, हे पाहू या.

कळ दाबल्यावर काय जाते?

मुंबईच्या गोदरेज कारखान्यात १९५५ सालापासून टंकलेखन यंत्रे तयार होऊ लागली. त्या यंत्रांत प्रत्येक कळ एका दांडीला जोडलेली असे आणि दांडीच्या टोकाला धातूत कोरलेले अक्षर असे. म्हणून मराठी लिहायचे तर मराठीचेच यंत्र विकत घ्यावे लागे. यंत्र निवडले की लिपी निवडली गेली!

आजच्या कळफलकात अक्षर मुळी नसतेच. कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. ८ आडव्या व १० उभ्या, अशा केवळ १८ तारांनी ८० कळा ओळखता येतात. कळ दाबली की एक आडवी व एक उभी तार जोडली जाते. आतील छोटी चकती त्या जोडीवरून कळेचा क्रमांक ठरवते आणि तेवढाच क्रमांक पाठवते. त्या क्रमांकाचे अक्षर बनवतो तो टॅबलेट.

उदाहरण म्हणून 'नेरूळ' हा शब्द घ्या. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची प्रमाण मांडणी १९८० च्या दशकात ठरली. तिच्यात स्वर व मात्रा मुख्यतः डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असतात. या मांडणीत 'न' साठी इंग्रजी 'व्ही' ची, मात्रेसाठी 'एस' ची, 'र' साठी 'जे' ची, दीर्घ ऊकारासाठी 'टी' ची, आणि 'ळ' साठी शिफ्टसह 'एन' ची कळ दाबायची. कळफलकाकडून जातात ते २५, २२, १३, २३ आणि १७ हे क्रमांक; शेवटच्यासोबत 'शिफ्ट दाबलेली आहे' एवढी खूण. टॅबलेटमध्ये मराठी मांडणी निवडलेली असेल तर २५ पाहून तो युनिकोडमधील २३४४ क्रमांकाचे चिन्ह, म्हणजे 'न', उमटवतो. इंग्रजी मांडणी असेल तर त्याच २५ चा 'व्ही' होतो.

यातून निवडीचा पहिला नियम मिळतो. कळांवर मराठी छापलेले आहे का, यापेक्षा टॅबलेटला मराठी मांडणी कळते का, हे आधी पाहावे. यात एक मेख आहे. पडद्यावरच्या कळफलकात मराठी असली म्हणजे बाहेरून जोडलेल्या कळफलकासाठीही ती असतेच असे नाही. टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये बाह्य कळफलकाची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती तेथे आहे याची खात्री खरेदीपूर्वी करून घ्यावी. छापील अक्षरांची उणीव चिकटपट्ट्यांनी किंवा महिन्याभराच्या सरावाने भरून काढता येते.

तरंग आणि वेग

बहुतेक बिनतारी कळफलक ब्लूटूथ पद्धतीने, सुमारे २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेचे रेडिओतरंग वापरतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागा:

३०,००,००,००० ÷ २,४०,००,००,००० = ०.१२५ मीटर

म्हणजे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. तिच्या चतुर्थांशाइतकी, सुमारे तीन सेंटिमीटरची अँटेना पुरते आणि ती कळफलकात सहज मावते. मुंबई आकाशवाणीच्या ५५८ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीची तरंगलांबी याच रीतीने काढा. ती सुमारे ५३८ मीटर येते. तिच्या चतुर्थांशाइतकी अँटेना टेबलावर कशी ठेवणार? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ साली परवान्यातून सूट मिळाली, म्हणून ती आपण मुक्तपणे वापरतो.

पण हाच पट्टा वाय-फायचाही आहे. नेरूळमधील एखाद्या उंच इमारतीत प्रत्येक घरात वाय-फाय असते, आणि शेजारच्या भिंतींतून सगळ्यांचे तरंग येत असतात. मग कळफलकाचा आवाज या गलक्यात हरवत नाही का? ब्लूटूथ त्यावर युक्ती करते. जुन्या पद्धतीत या पट्ट्याचे ७९ भाग पाडलेले असतात व प्रेषक-ग्राहक दोघेही ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा एका भागावरून दुसऱ्यावर उडी घेतात. कमी ऊर्जेच्या नव्या पद्धतीत असे ४० भाग आहेत. जेथे गर्दी आढळते ते भाग पुढे टाळले जातात.

आता वेगाचे पाहा. चपळ टंकलेखक सेकंदाला सहा कळा दाबतो असे धरू. कळ दाबल्यावर एक व सोडल्यावर एक, असे बारा संदेश झाले. प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ६४ बिट धरले तर सेकंदाला ७६८ बिट होतात. ब्लूटूथची क्षमता सेकंदाला दहा लाख बिटच्या घरात आहे. तेव्हा 'अतिवेगवान' या शब्दासाठी जादा पैसे देणे व्यर्थ आहे.

कशासाठी पैसे द्यावेत?

बोटांसाठी. नेहमीच्या कळफलकात एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. लहान कळफलकात ते १६ झाले, तर दहा कळांची ओळ १९० ऐवजी १६० मिलिमीटरची होते. प्रवासाला सोयीची, पण सवयीच्या बोटांना चुकवणारी! दुकानात पट्टी घेऊन मोजा आणि चार ओळी लिहून पाहा.

घटासाठी. समजा घटाची क्षमता २०० मिलिअँपिअर-तास आहे आणि कळफलक सरासरी २ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तो १०० तास चालेल. कळांखाली शोभेचे दिवे असतील आणि एकूण प्रवाह ४० मिलिअँपिअर झाला, तर तोच घट ५ तासांत संपेल.

सुरक्षिततेसाठी. परवलीचे शब्द याच कळफलकावरून जातात. ब्लूटूथ नसलेल्या, स्वतंत्र ग्राहक-खुंटी लावायच्या काही स्वस्त कळफलकांतून कळांचे क्रमांक कोणत्याही गुप्तलेखनाशिवाय, उघडेच जात असल्याचे संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. असे संदेश सुमारे ७५ मीटरवरून चोरता येत होते. ब्लूटूथ कळफलक प्रथम जोडताना टॅबलेट एखादा सहा अंकी आकडा दाखवून तो टंकित करायला सांगतो. ती कटकट नसून कुलपाची किल्ली आहे.

शेवटी खोके पाहा. २०१२ च्या सरकारी आदेशाने बिनतारी कळफलकांना भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली. मानकचिन्हासोबत 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो.

करून पाहा

१. टॅबलेटची मांडणी इंग्रजी ठेवून, इन्स्क्रिप्टप्रमाणे 'नेरूळ' च्या कळा दाबा. काय उमटते? मग मांडणी मराठी करून त्याच कळा दाबा.

२. जोडलेला टॅबलेट स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा व बाहेरून कळा दाबा. अक्षरे उमटली का? झाकण किंचित उघडे ठेवून पुन्हा करा. फटीची लांबी आणि साडेबारा सेंटिमीटर यांचा काही संबंध लागतो का, यावर वर्गात शिक्षकांशी चर्चा करा.