शंभर किलोमीटरचा हिशेब

शंभर किलोमीटर जायला किती पैसे लागतात? पेट्रोलवाल्याकडे उत्तर तयार असतं. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे असं धरलं, तर खिशातून सुमारे ७०० रुपये जातात.

विजेच्या गाडीचा हिशेब घरच्या मीटरवर सुरू होतो. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते, म्हणून मीटरवर १७ युनिट पडतात. युनिटला १० रुपये धरले, तरी खर्च १७० रुपये!

ही तफावत येते कुठून? लिटरभर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. पण इंजिन त्यातली बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून बाहेर टाकतं. विजेची मोटर असली उधळपट्टी करत नाही. उलट ब्रेक लावताना तीच जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते.

खरी मेख दरात आहे. महामार्गावरच्या फास्ट चार्जरला युनिटमागे २० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी मोजला, तर तेच अंतर, १५ युनिटच धरले तरी, साडेतीनशेला पडतं. घरातही वापर वाढला, की बिल वरच्या, महागड्या टप्प्यात सरकतं.

म्हणून गाडी बुक करण्याआधी मागच्या महिन्याचं वीजबिल काढून वरच्या टप्प्याचा दर पाहावा. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून चार्जिंग पॉइंट मिळेल का, हेही विचारून घ्यावं.