मुद्रा कर्ज: हमी कुणाला, फेड कुणाची

पिठाची गिरणी, शिवणकाम, किराणा दुकान, वडापावची गाडी अशा छोट्या धंद्यांना तारणाशिवाय भांडवल मिळावे म्हणून केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१५ रोजी प्रधानमंत्री मुद्रा योजना सुरू केली. ५० हजारांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गटही आहे. पीककर्ज यात बसत नाही. दूधधंदा, कुक्कुटपालन, मधमाशीपालन बसते.

हे पैसे सरकार देते, असा समज सर्रास आढळतो आणि तोच पुढे कर्जदाराला महागात पडतो. कर्ज देते ती बँक किंवा वित्तसंस्था, तेही स्वतःच्या जबाबदारीवर. मुद्रा ही संस्था सिडबीची (भारतीय लघुउद्योग विकास बँकेची) उपकंपनी असून ती या संस्थांना पुनर्वित्त पुरवते. कर्ज बुडाले तर बँकेच्या नुकसानीचा काही भाग हमी निधी भरून देतो. म्हणजे हमीचे संरक्षण बँकेला आहे. कर्जदाराची फेड त्याने सुटत नाही. हप्ते थकले की सिबिल गुणांक, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतो आणि पुढच्या कर्जाची वाट अडते. मुद्रा कर्जात अनुदानही नसते.

तरीही ही योजना मोलाची का, ते हिशेबातून कळते. वार्षिक १२ टक्के व्याज धरले, तर ५० हजारांच्या कर्जाचा तीन वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १,६६१ रुपये येतो; एकूण व्याज दहा हजारांच्या आतच राहते. तीच रक्कम सावकाराकडून महिना शेकडा पाच रुपयांनी उचलली, तर दरमहा अडीच हजार नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. बँकेचे दार बंद असलेल्यांना आजवर हाच दर भरावा लागत आला. योजनेच्या पहिल्या दहा वर्षांत ५२ कोटींहून अधिक कर्जे मंजूर झाली. खातेदारांत सुमारे ६८ टक्के महिला आहेत.

अर्ज थेट बँकेच्या शाखेत किंवा जनसमर्थ पोर्टलवर करता येतो. आधार, पॅन, उद्यम नोंदणी आणि यंत्र घ्यायचे असल्यास विक्रेत्याचे कोटेशन तयार ठेवावे. खेळत्या भांडवलासाठी मुद्रा कार्ड मागावे. त्यातून लागेल तेवढीच रक्कम उचलता येते आणि वापरलेल्या पैशावरच व्याज बसते. कर्ज मंजूर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये: या योजनेत कोणीही दलाल नेमलेला नाही.