आखूड पावलांचा घाट

चाकामागचं गणित : लेखांक ७

सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन जव्हारजवळच्या साखरशेतकडचा चढ चढणारी बाई सपाटीवरची चाल चढाला ठेवत नाही. तिची पावलं आखूड होतात. पावलं जास्त पडतात, पण प्रत्येक पावलाला लागणारा जोर आटोक्यात राहतो. मोळी घरी टाकून परत निघाली की तीच बाई लांब ढांगा टाकत उतरते. पिकअपला ही सोय पुरती मिळालेली नाही. गियरबॉक्समध्ये तिला पाच पावलं दिलेली असतात, पण त्या पाचांनाही ज्याने गुणलं जातं असं एक पाऊल मागच्या हाउसिंगमध्ये, त्या गोल फुगीर डब्यात, कारखान्यातच मापून बसवलेलं असतं. ते ड्रायव्हरच्या हातात नसतं. आजचा लेख त्याच पावलाबद्दल आहे.

गेल्या आठवड्यात आपण गियरबॉक्समधून निघालेल्या लांब शाफ्टबरोबर मागच्या चाकांपर्यंत येऊन थांबलो होतो. शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतो, आणि तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. पिनियनला ११ दात आणि क्राऊनला ४१ असतील तर चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे पडतात. १० आणि ४३ दात असतील तर ४.३०. गॅरेजात याला रेशो म्हणतात. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण आकडा मोठा झाला की पाऊल आखूड होतं. दातांचे आकडे असे विचित्र का, हेही जाता जाता सांगतो. दोन्ही आकड्यांना एकच संख्या भागत असेल तर ठरावीक दात ठरावीक दातांवरच पुन्हा पुन्हा घासतात. ११ आणि ४१ घेतले की पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो, आणि झीज सगळीकडे सारखी होते.

आता घाटाकडे वळू. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. पुढे मोखाड्यावरून तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वरला गेलं की सातशेच्या वर पोचतो. म्हणजे विक्रमगडकडून सिमेंट घेऊन निघालेली गाडी नाशिकच्या बाजूला जाईपर्यंत चढतच असते, मधले उतार आणि वळणं वेगळीच. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन धरा. बारा मीटरला एक मीटर चढ असेल तर नुसतं मागे ओढणारं वजन अडीचशे किलो होतं. टायरचा रस्त्यावरचा विरोध धरून ते तीनशेच्या जवळ जातं. साधारण ३५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला यासाठी हजार न्यूटन-मीटरच्या थोडा वर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लागतो. इंजिन २०० न्यूटन-मीटरचं आहे, तिसऱ्या गियरचं गुणोत्तर दीड आहे आणि वाटेत दहा टक्के जोर घर्षणात जातो असं मानू. ३.७३ च्या हाउसिंगने चाकाला १,००७ मिळतात, ४.३० ने १,१६१.

या दोन आकड्यांत घाटातला सगळा फरक दिसतो. पहिल्या गाडीची तिसऱ्या गियरमध्ये जेमतेम काठावर गाठ पडते. वळणावर समोरून एसटी आली, पाय जरा उचलला, की गाडी दम सोडते. मग दुसरा गियर टाकावा लागतो, आणि दोन गियरांमध्ये मोठी उडी असल्याने इंजिनाच्या मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर गाडी ताशी २४ किलोमीटरने रांगते. दुसरी गाडी तेवढ्याच फेऱ्यांत तिसऱ्या गियरवर ३५ ने वर जाते. ज्याला दुसरा गियर टाकायचा कंटाळा आहे तो हाफ क्लचवर ओढतो. मीही एकदा ओढली होती. क्लच प्लेटचा जळका वास डोंगर उतरून आल्यावरही नाकातून जात नाही, आणि तेव्हा वाटलेला वेळेचा फायदा पुढे गॅरेजच्या बिलात फेडावा लागला.

मग सगळ्यांनीच मोठा आकडा का घेऊ नये? कारण सपाटी. मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलं की हिशेब उलटतो. ८० च्या वेगाला, पाचव्या गियरमध्ये, ४.३० ची गाडी इंजिनाला मिनिटाला साधारण २,०८० फेरे मारायला लावते आणि ३.७३ ची १,८१०. जास्त फेरे म्हणजे इंजिनाच्या आतलं घर्षण जास्त आणि आवाज जास्त. फेरे पंधरा टक्के वाढले म्हणून डिझेलही पंधरा टक्के वाढतं असं मात्र नाही. वारा कापायला लागणारं काम दोन्ही गाड्यांना सारखंच असतं, फरक पडतो तो त्याच्या वरच्या खर्चात. हौदा रिकामा असेल तर हा वरखर्च अधिक जाणवतो.

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. माझ्या मते तो अर्धाच विचारलेला प्रश्न आहे. कुठल्या रस्त्यावर आणि किती माल घेऊन, हे त्याच्या आधी यायला हवं. लांब पावलाची गाडी कागदावर जास्त अ‍ॅव्हरेज देते, कारण कागदावर ती पाचव्यात चालते. भरलेल्या हौद्याने ती गाडी जव्हार-मोखाड्याच्या चढउतारावर पाचव्यात जातच नसेल, तर तो पाचवा गियर निव्वळ ओझं आहे. ड्रायव्हर चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात करत राहतो, दर वेळी रेस वाढवतो, आणि महिनाअखेरीस मालकाला कळत नाही की जास्त अ‍ॅव्हरेजची म्हणून घेतलेली गाडी एवढं डिझेल पिते कशी.

शिवाय चढाचं डिझेल रेशोने वाचत नाही. तीन टन वजन ४०० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा ठरलेली आहे, आणि इंजिनात वाया जाणारी उष्णता धरली तर त्याला साधारण एक लिटर डिझेल लागतं. हा एक लिटर घाटाचा कर समजा. तो भरताना इंजिन सुखाने चाललं की गुदमरत, एवढंच रेशोच्या हातात आहे.

उतरताना याच रेशोचा दुसरा उपयोग दिसतो. मोठ्या आकड्याची गाडी गियरमध्ये ठेवली तर इंजिन तिला जास्त धरून ठेवतं, आणि ब्रेकवर भार कमी येतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे लोक स्वतःला हुशार समजतात. आताच्या कॉमन रेल इंजिनात गियर टाकून पाय उचलला की डिझेल पार बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. म्हणजे वाचत तर काही नाही, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

अमेरिकेत पिकअप घेताना हा आकडा ग्राहक निवडू शकतो. फोर्डच्या एफ-१५० ला ३.५५ आणि ३.७३, रॅमच्या १५०० ला ३.२१ पासून ३.९२ पर्यंत पर्याय मिळाले आहेत, आणि आकड्यागणिक किती वजनाचा ट्रेलर ओढायचा याची मर्यादा बदलते. तिथे ओढणं म्हणजे मागे जोडलेला ट्रेलर, आपल्याकडे तो माल हौद्यातच चढतो. आपल्या छोट्या पिकअपला कंपनी देईल तो रेशो घ्यावा लागतो. टाटा किंवा अशोक लेलँडच्या जड ट्रकांत मात्र टिपरला आणि लांब पल्ल्याच्या गाडीला वेगवेगळे रेशो असतात, आणि ट्रकवाले त्याची चौकशी करतात. पिकअपवाल्यानेही वेगवेगळ्या मॉडेलांचे आकडे शोरूममध्ये विचारावेत. विक्रेता गडबडला तरी चालेल.

साखरशेतच्या बाजूचा माल बघितला तर निवड सोपी होते. वर येतं ते सिमेंट, सळई, खत. खाली जातो तो मोगरा, भाजी, थोडी नाचणी-वरई. जड माल चढाला आणि हलका उताराला. इथल्या मालकाने ४ च्या वरचा रेशो घ्यावा आणि महामार्गावर ६०-६५ च्या वर जाऊ नये. उलट, पहाटे मोगऱ्याच्या पेट्या भरून रोज दादरला जाणारा, परतीला रिकामा येणारा माणूस लांब पावलाची गाडी घेईल तर त्याचं चुकणार नाही. दोघांची गावं शेजारी असली तरी उत्तर एक नाही.

आधी घेतलेल्या गाडीत क्राऊन-पिनियन बदलायचा मोह होतो. तो बदलायचा तर जोडीनेच, कारण दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. बसवताना दातांमधली फट मापाने ठेवावी लागते, नाहीतर हजारभर किलोमीटरमध्ये हाउसिंग रडायला लागतं. फोर बाय फोर असेल तर पुढचंही बदलावं लागतं. एवढ्या खर्चात मला तरी अर्थ दिसत नाही. उलट बहुतेक लोक नकळत रेशो बिघडवतात ते टायर बदलून. २१५/७५ ऐवजी २३५/७५ चे १५ इंची टायर रुबाबदार दिसतात, पण चाक चार टक्क्यांनी मोठं होतं आणि ४.३० चा रेशो ४.१२ सारखा वागतो. स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो तो वेगळाच.

आपल्या गाडीचा रेशो माहीत नसेल तर घरीच मोजता येतो. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली ठोकळा द्या, हँडब्रेक सोडा, गियर न्यूट्रलला घ्या. गाडीखाली शिरू नका, बाजूनेच शाफ्ट दिसतो. त्यावर खडूने रेघ मारा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे हिशेबात एक धरायचे. म्हणून चाक वीस वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. ४३ भरले तर रेशो ४.३०, साडेसदतिसाच्या थोडं अलीकडे थांबले तर ३.७३. चाक फिरवायला एक आणि फेरे मोजायला दुसरा, असे दोघं लागतात. एकट्याने करायला गेलं की बाराव्या-तेराव्या फेऱ्याला आकडा विसरतो.