विस्कटलेल्या घडीचा पाठलाग

कामठी ही मुळात लष्कराची छावणी. नागपूरपासून जवळच, कन्हान नदीच्या काठी, इंग्रजांनी ती 1821 मध्ये वसवली. वैद्यकीय संशोधनाचा विषय निघाला की या गावाचं नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. पण 2020 आणि 2021 मध्ये ‘ब्रेन रिसर्च बुलेटिन’ आणि ‘न्यूरोसायन्स लेटर्स’ या दोन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत अल्झायमरशी संबंधित दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि दोन्हींवर पत्ता नवीन कामठीचा होता: श्रीमती किशोरीताई भोयर कॉलेज ऑफ फार्मसी, औषधशास्त्र विभाग. या निबंधांतला प्रश्न सरळ आहे. चुकीच्या घडीचं प्रथिन मेंदूत साचतं, तेव्हा मेंदूच्या रसायनांत आणखी काय बिघडतं आणि तो बिघाड आवरता येतो का?

हा प्रश्न कामठीला पोहोचायला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्या वाटेवर जर्मनी आहे, अमेरिका आहे, मुंबईतलं जे. जे. रुग्णालय, पारशी वसाहती आणि पवईची प्रयोगशाळाही आहे.

1901 मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिता येईना, नवऱ्याबद्दल विनाकारण संशय येई, वस्तू दाखवून लगेच विचारलं तरी आठवत नसे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या बोलण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या. 1906 मध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू तिथे मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता त्यांना दिसला. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. पुढे 1912 मध्ये फ्रिडरिश लेव्ही यांना कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णांच्या मेंदूत वेगळेच गोलसर कण सापडले. ठिपके, गुंते आणि कण कशाचे बनले आहेत, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं उत्तर मिळण्याआधी प्रथिनाचा स्वभाव कळणं गरजेचं होतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी पेशीत तयार होते आणि ठरावीक पद्धतीने दुमडून एक विशिष्ट आकार घेते. त्या आकारावरच तिचं काम अवलंबून असतं. अमेरिकेत ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या प्रथिनाची घडी युरियाच्या द्रावणात पूर्ण मोडली आणि मग युरिया काढून टाकला. प्रथिनाने आपली घडी आपणहून पुन्हा घातली, त्याचं कामही परत आलं. घडीची सगळी माहिती साखळीतच लिहिलेली असते, हे यातून सिद्ध झालं. 1972 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मग ओघानेच पुढचा प्रश्न आला: साखळीत एखादं अक्षर चुकलं, किंवा वय झालेल्या पेशीची देखरेख ढिली पडली, तर?

त्या वेळी मुंबईतला एक डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी उभा राहून याच प्रश्नाचं एक टोक धरून होता, जरी प्रथिनांशी त्याचा संबंध आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. डॉ. नोशीर वाडिया हे सुरतेत जन्मलेले पारशी, जे. जे. रुग्णालयातले न्यूरॉलॉजिस्ट. तोल जाणं, चालताना पाय फाकवून टाकणं, जीभ जड होणं अशा तक्रारींचे काही रुग्ण त्यांच्याकडे येत आणि त्यांच्या घरात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या असे. या रुग्णांची तपासणी वाडिया बारकाईने करत. दोन बाजूंना दोन बोटं धरायची आणि रुग्णाला एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे पटकन पाहायला सांगायचं. निरोगी माणसाची बुबुळं एका झटक्यात पलीकडे पोहोचतात. या रुग्णांची बुबुळं मात्र संथपणे सरकत जात. ‘ब्रेन’ या नियतकालिकात 1971 मध्ये वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि आनुवंशिक मेंदूविकाराचा एक नवा प्रकार जगापुढे ठेवला. महागडं यंत्र हाताशी नसताना, डोळ्यांच्या हालचालीसारख्या छोट्या खुणेवरून केलेलं हे निदान आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावं इतकं नेमकं आहे.

त्यानंतर जगभरात घटना वेगाने घडू लागल्या. 1982 मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी ‘प्रायॉन’ ही कल्पना मांडली: विषाणू नाही, जीवाणू नाही, निव्वळ प्रथिनच संसर्ग पसरवू शकतं. नासका आंबा जशी सगळी आढी नासवतो, तसं चुकीच्या घडीचं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं करून सोडतं. या कल्पनेवर सुरुवातीला भरपूर टीका झाली. 1997 मध्ये तिलाच नोबेल मिळालं. 1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमिलॉइड बीटा हे लहानसं प्रथिन वेगळं केलं आणि अल्झायमरच्या ठिपक्यांचा घटक हाती आला. पेशींच्या आतला गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा असल्याचंही त्याच दशकात स्पष्ट झालं. 1997 मध्ये कंपवात असलेल्या इटालियन आणि ग्रीक कुटुंबांच्या अभ्यासातून आल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला आणि लेव्हींचे कण याच प्रथिनाने भरलेले असल्याचं त्याच वर्षी दिसून आलं.

मुंबईत वाडियांनी पाहिलेल्या आजाराचं जनुक 1996 मध्ये हाती लागलं. आज या आजाराला ‘एससीए-2’ म्हणतात. दोष अॅटॅक्सिन-2 या प्रथिनात असतो. त्याच्या साखळीत ग्लुटामिन हे एकच अमिनो आम्ल ओळीने येतं. निरोगी माणसात साधारण बावीस वेळा, तर रुग्णात तेहतीसच्या पुढे. ही ओळ लांबली की प्रथिनाची घडी बिघडते आणि त्याचे पुंजके होतात. वाडियांची नऊ कुटुंबं अशा रीतीने पंचवीस वर्षांनी चुकीच्या घडीच्या आजारांच्या मुख्य प्रवाहात आली. 2012 मध्ये वाडियांना पद्मभूषण मिळालं, 2016 मध्ये ते निवर्तले. दरम्यान 2010 मध्ये याच अॅटॅक्सिन-2 च्या मधल्या लांबीच्या ओळीचा संबंध एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या धोक्याशी असल्याचंही उघड झालं.

किती लोकांना हे आजार होतात, हे मोजण्यातही मुंबई मागे राहिली नाही. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन पाहणी केली. 14,010 लोकांमध्ये कंपवाताचे 46 रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे 328. ही पाहणी 1988 मध्ये प्रसिद्ध झाली आणि भारतात कंपवात विरळा आहे या समजाला तिने धक्का दिला. 2001 मध्ये मुंबईतल्याच 24,488 लोकांच्या पाहणीतून स्मृतिभ्रंशाचं प्रमाण पुढे आलं: पासष्टी ओलांडलेल्यांत सुमारे अडीच टक्के. त्याच वर्षी डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने मुंबईत कंपवाताच्या रुग्णांसाठी संस्था उभी राहिली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाने रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणलं.

नव्या शतकात महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा थेट घडीच्या यंत्रणेत उतरल्या. पवईच्या आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने आल्फा-सायन्युक्लिन हा विषय धरला. प्रयोग दिसायला साधा. शुद्ध प्रथिनाचं द्रावण 37 अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानाला, दिवसचे दिवस हलत ठेवायचं आणि मधूनमधून थोडं काढून त्यात थायोफ्लेविन-टी हा रंग घालायचा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग तंतू बनू लागले की रंग एकाएकी उजळतो. आधीची ती शांतता हीच खरी अडचण. त्या काळात प्रथिनं नेमकं काय करत असतात? 2020 मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’त या गटाने उत्तर दिलं: प्रथिनं आधी दाट द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत गोळा होतात, ते थेंब हळूहळू घट्ट होतात आणि त्यांतूनच तंतू उगवतात. माजी यांनी आधीच, 2009 मध्ये, ‘सायन्स’मधल्या निबंधात आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. पीयूषिका ग्रंथीत शरीर आपली काही संप्रेरकं अमिलॉइडच्याच रूपात साठवून ठेवतं. म्हणजे ही घडी प्रत्येक वेळी रोगट नसते. बिघडतं ते तिच्यावरचं नियंत्रण.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त माईती यांच्या गटाने अमिलॉइड बीटाचे अगदी लहान पुंजके पेशीच्या पडद्याशी कसे वागतात, हे प्रकाशाच्या तंत्रांनी तपासलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुभाषचंद्रबोस चिन्नथंबी यांच्या गटाने टाऊच्या पुंजक्यांना रोखणाऱ्या वनस्पतिजन्य रेणूंचा शोध घेतला.

कामठीची वाट मात्र निराळी होती. तिथे प्रथिनाच्या भौतिकशास्त्राची यंत्रं नव्हती. औषधशास्त्राची परंपरा होती. नागपूर विद्यापीठात मेंदूवरच्या औषधांचा अभ्यास रुजवणारे डॉ. चंद्रभान चोपडे पुढे कामठीच्या कामाशी जोडले गेले. त्यांच्याबरोबर आणि नंतर ब्रिजेश ताकसांडे, नंदकिशोर कोटगले, मिलिंद उमेकर या अध्यापकांनी एकाच रेणूचा चिकाटीने पाठपुरावा केला. त्या रेणूचं नाव अॅग्माटिन. 1910 मध्ये अल्ब्रेख्ट कोसेल यांना तो हेरिंग माशाच्या शुक्रद्रव्यात मिळाला होता आणि 1994 मध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही तो असल्याचं कळलं. शरीर तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतं. चेतापेशींना अति उत्तेजित करून मारणाऱ्या ग्लुटामेटच्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) तो आवर घालतो. कामठीच्या गटाने 2009 पासून नैराश्य, मद्याची सवय, ताण यांत अॅग्माटिनचा भाग काय, हे एकामागून एक तपासलं. अल्झायमरकडे ते वळले ते या पायावर उभं राहून.

असा प्रयोग करताना उंदराला भूल देतात, त्याचं डोकं एका चौकटीत पक्कं बसवतात आणि कवटीवरच्या खुणेपासून मिलिमीटर मोजून मेंदूच्या पोकळीत अमिलॉइड बीटाचा अगदी सूक्ष्म डोस सोडतात. पुढे काही दिवसांनी उंदराची परीक्षा होते. चक्रव्यूहात खाऊ कुठे होता ते त्याला आठवतं का? पाण्याच्या काचपात्रात तो पोहत राहतो की हातपाय सोडून देतो? 2021 च्या निबंधाने दाखवलं की अमिलॉइड बीटामुळे उंदरांची स्मृती घसरते आणि त्यांच्या मेंदूतलं अॅग्माटिनही कमी होतं. बाहेरून अॅग्माटिन दिलं की स्मृतीची घसरण आवरते. 2020 च्या निबंधात अशाच उंदरांतली नैराश्यासारखी लक्षणं आणि हिपोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रातला दाह, दोन्ही अॅग्माटिनने कमी झाल्याची नोंद आहे. अल्झायमरच्या रुग्णाला नैराश्यही घेरतं आणि घरच्यांना त्याचाच जास्त त्रास होतो, हे लक्षात घेतलं तर या निबंधाचं मोल कळतं.

हे उंदरांवरचे निष्कर्ष आहेत आणि उंदीर ते माणूस हे अंतर फार मोठं आहे. अल्झायमरच्या औषधांचा इतिहास त्याची साक्ष देतो. ठिपके हटवले की आजार हटेल, या विश्वासावर अब्जावधी डॉलर खर्च झाले. 2012 मध्ये बापिन्यूझुमॅब हे औषध मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरलं. 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला आणि अमिलॉइडच्या विशिष्ट पुंजक्याला दोषी ठरवणारा गाजलेला निबंध चित्रांतल्या फेरफारामुळे 2024 मध्ये मागे घ्यावा लागला. लेकानेमॅब या औषधाने मात्र 1,795 रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांत घसरण 27 टक्क्यांनी मंदावल्याचं दाखवलं आणि 2023 मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. पण मंदावली म्हणजे थांबली नव्हे. शिवाय काही रुग्णांच्या मेंदूत सूज आणि रक्तस्राव दिसतो आणि अमेरिकेत वर्षाचा खर्च सुरुवातीला 26,500 डॉलर ठरला होता. ठिपके काढूनही आजार पुढे सरकतो; म्हणूनच त्यांच्या भोवतालची रसायनं, दाह आणि पेशींचा थकवा यांचा अभ्यास तितकाच गरजेचा ठरतो. कामठीचं काम याच बाजूचं आहे. तालुक्याच्या गावातल्या फार्मसी कॉलेजने एक विषय वर्षानुवर्षं न सोडता पुढे नेला, ही गोष्ट राज्य सरकारने आणि विद्यापीठांनी निधी देताना लक्षात ठेवायला हवी.

कारण गरज दाराशी आली आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. तालुक्याच्या गावात न्यूरॉलॉजिस्ट सहसा नसतो आणि घरात लक्षणं दिसली तरी म्हातारचळ म्हणून ती सोडून दिली जातात.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. अॅग्माटिनच्या गोळ्या व्यायामशाळांच्या बाजारात मिळतात. उंदरांवरच्या निष्कर्षांच्या आधारे त्या आई-वडिलांना देऊ नका. घरातली वडीलधारी व्यक्ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, रोजच्या रस्त्यावर चुकत असेल, हात थरथरत असेल किंवा चाल मंदावली असेल, तर डॉक्टरांकडे न्या. बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा दोष, नैराश्य ही विसरभोळेपणाची कारणं उपचाराने सुधारतात आणि त्यांतल्या पहिल्या दोन कारणांची तपासणी साध्या रक्तचाचण्यांनी गावातही होते. ती लवकर करून घ्या.