कपातीचा हिशेब आणि आजारपणाची मजुरी

केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात यंत्रमागाचा व्यवसायही मोठा आहे, आणि दापोऱ्यासारख्या गावातील एखादा तरुण शेती सोडून शहरातल्या कारखान्यात लागला की त्याच्या पगारपत्रकावर ‘ईएसआय’ नावाची एक छोटी कपात दिसू लागते. कर्मचारी राज्य विमा योजनेचा हा हप्ता म्हणजे मोफत गोळ्या-औषधांची वर्गणी, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अपुरा आहे, कारण आजारपणात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई हा या योजनेचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे आणि माहितीअभावी नेमका तोच हातचा जातो.

प्रा. बी. पी. अडारकर यांनी 1944 मध्ये सादर केलेल्या अहवालातून या योजनेची कल्पना पुढे आली; 1948 मध्ये कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे तिची सुरुवात झाली. मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असलेला कामगार तिच्या कक्षेत येतो. जुलै 2019 पासून वेतनाच्या 0.75 टक्के रक्कम कामगाराकडून आणि 3.25 टक्के मालकाकडून घेतली जाते, म्हणजे 12,000 रुपये पगारावर कामगाराचे 90 रुपये कापले जातात आणि मालकाला स्वतःच्या खिशातून 390 रुपये भरावे लागतात.

आजारी कामगाराला सरासरी दैनिक वेतनाच्या 70 टक्के दराने वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस रोख रक्कम मिळते. मात्र आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत. वरील पगाराचे दिवसाला 400 रुपये धरले, तर रोजचे 280 आणि पूर्ण मुदतीचे 25,480 रुपये होतात, आणि हातावर पोट असलेल्या घराला उधारीपासून वाचवण्यास एवढी रक्कम पुष्कळदा पुरेशी ठरते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत हा दर 80 टक्के होतो आणि मुदतही वाढते. या लाभाची अट मात्र दिवसांची आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान 78 दिवसांचे अंशदान, म्हणजेच हप्ता, भरलेला असेल तर पुढच्या जानेवारी ते जून या काळात हक्क मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चमधील हप्त्यांवर जुलै ते डिसेंबरचा. मधूनमधून कामाला खाडा करून केळीच्या कापणीला जाणाऱ्या किंवा ठेकेदार बदलत राहणाऱ्या मजुराचे दिवस इथेच कमी पडतात. म्हणून विमा क्रमांकाच्या आधारे ईएसआयच्या संकेतस्थळावर आपले किती दिवस भरले गेले हे दर सहामाहीला तपासणे आवश्यक आहे, कारण पगारातून कापलेली रक्कम पुढे जमा झालीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

नोंदणीच्या वेळी पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांची नावे पेहचान कार्डावर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावर, चढवून घ्यावीत. ती राहून गेली, तर ऐन उपचाराच्या वेळी धावपळ होते. रोख लाभासाठी योजनेच्या दवाखान्यातील डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे केवळ खासगी चिठ्ठीवर विसंबल्यास दावा अडू शकतो.

अधिक पगाराच्या नोकऱ्यांत मालक खासगी कंपनीकडून सामूहिक आरोग्य विमा घेतो, ज्यात बहुधा जुन्या आजारांसाठीही थांबावे लागत नाही. तिथे खोलीभाड्याची मर्यादा पाहावी: ठरलेल्या दरापेक्षा महाग खोली घेतल्यास भाड्याबरोबर डॉक्टरची फी व इतर काही खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. शिवाय नोकरी सुटली की हे छत्रही जाते, म्हणून तरुणपणीच एक स्वतंत्र पॉलिसी घेणे शहाणपणाचे ठरते.

दहापेक्षा कमी कामगार असलेल्या युनिटांना ईएसआय सक्तीची नाही, आणि लहान यंत्रमाग कारखान्यांतील माणसे यामुळे उघड्यावर पडतात, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. त्यांच्यापैकी पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात, पण बुडालेली मजुरी मिळत नाही.

ईएसआयमध्ये कामावरील अपघाताला मात्र 78 दिवसांची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. 2010 च्या दुरुस्तीनुसार घर ते कारखाना या वाटेवरील अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच मानला जातो. दापोऱ्याहून बुऱ्हाणपूरला मोटारसायकलने पाळीला जाणाऱ्या कामगाराला रस्त्यात अपघात झाला, तर वेळ, ठिकाण आणि जाण्याचे कारण यांची लेखी नोंद मालकाकडे तत्काळ करून तिची प्रत घरी ठेवावी.