अंतराचे शास्त्र

लालबागहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. पहाटे आपल्या पाळीव कुत्र्याला घेऊन त्या चाळीच्या दारातून बाहेर पडल्या, की कोपऱ्यावरच्या हातगाड्यांखाली निजलेली तीन-चार कुत्री एकाएकी उठतात आणि भुंकत अंगावर धावून येतात. शेजारी सांगतात की काठी बाळगा, पहारेकरी सांगतो की बिस्किटे टाका, आणि घरची मंडळी तर कुत्र्याला बाहेर नेणेच बंद करा म्हणतात. तेव्हा या तिन्ही उपायांपैकी शास्त्राला संमत कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते आणि तो शब्द म्हणजे ‘अंतर’. परंतु हा साधा शब्द प्राणिशास्त्रात केवढा अर्थ धारण करतो, हे पाहिल्यावाचून त्या उत्तराची किंमत कळावयाची नाही.

प्रथम त्या हातगाडीखालच्या रहिवाशाचा दर्जा ध्यानात घेतला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, पिसाळलेली अथवा आक्रमक कुत्री वगळून, बाकीची निर्बीजीकरण व लसीकरणानंतर जेथून उचलली तेथेच सोडावीत असे ठरविले, आणि पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके आदींच्या आवारांपुरता त्यास अपवाद केला. म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरचे कुत्रे हा कोणी आगंतुक नसून त्या हद्दीचा जुना रहिवासी आहे, आणि त्याच्या दृष्टीने रोज पहाटे त्याच्या हद्दीत शिरणारा परका म्हणजे तुमच्या हातातील दोरीच्या दुसऱ्या टोकाचा प्राणी होय.

हा वादही या शहरात नवा नाही. १८३२ साली कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम नेहमीच्या मुदतीपलीकडे लांबविली आणि दर कुत्र्यामागे बक्षीस लावले, तेव्हा बक्षिसाच्या लोभाने मारेकरी लोकांच्या दारापर्यंत पोहोचले. ज्यांच्या धर्मात मृतदेहावर श्वानाची दृष्टी पडणे हा अंत्यविधीचा भाग आहे, त्या पारशी समाजाचा क्षोभ अनावर झाला. ६ व ७ जून रोजी कोटात दंगल उसळली, दुकाने बंद झाली, लष्कराच्या रसदीची वाट अडविली गेली, आणि अखेरीस फौज बोलवावी लागली. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने गिरगावालगत भुलेश्वरी पांजरपोळ उभा राहिला. माणूस आणि रस्त्यावरचे कुत्रे यांनी एकाच गल्लीत कसे नांदावे, हा प्रश्न मुंबईने इतक्या जुन्या काळापासून सोडवावयास घेतला आहे.

आता अंतराकडे वळू. प्राण्यांच्या वर्तनाचा विषय निघाला की कोनराड लोरेन्झ यांचे नाव ओठांवर येते, आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकाने ते सर्वतोमुखी केले हे योग्यच झाले. परंतु ज्यांचा विचार आपण रोज वापरतो आणि ज्यांचे नाव मात्र क्वचितच घेतो, असे त्यांचे समकालीन म्हणजे स्वित्झर्लंडचे हाइनी हेडिगर. बर्न, बासेल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालकपद त्यांनी क्रमाने भूषविले. पिंजऱ्यांपुढे आयुष्य घालविलेल्या या माणसाने १९४२ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त असा, की प्रत्येक प्राण्याभोवती दोन अदृश्य वर्तुळे असतात. बाहेरचे वर्तुळ ओलांडून परका आत आला की प्राणी पळतो. याला आपण पलायनांतर म्हणू. पळावयास वाट उरली नाही आणि परका आणखी जवळ येऊन आतले वर्तुळ ओलांडू लागला, की तोच भित्रा प्राणी उलटून हल्ला करतो. याला निर्वाणीचे अंतर म्हणू.

सर्कशीतील सिंहाचा प्रसंग हेडिगरांनी याच तत्त्वाने उलगडला, आणि तो मला इतका मनोहर वाटतो की सांगितल्यावाचून राहवत नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस उभारली तेव्हापासून अनेक दशके आपण तंबूत बसून विस्मयाने पाहत असू, की चाबूकधारी माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि सिंह गुरगुरत तिवईवर चढून बसतो. प्रेक्षकांस ही आज्ञाधारकता वाटे. वस्तुतः शिक्षक सिंहाला पिंजऱ्याच्या गजांपर्यंत मागे हटवितो, मग निर्वाणीच्या वर्तुळात किंचित पाऊल घालतो, सिंह हल्ल्यासाठी त्याच्याकडे सरळ झेपावू लागतो आणि मध्ये ठेवलेल्या तिवईवर पाय देतो. त्याच क्षणी शिक्षक वर्तुळाबाहेर मागे सरतो, हल्ल्याचे कारण नाहीसे होते आणि सिंह तिवईवरच थांबतो. एका पावलाने सिंह चढतो आणि एका पावलाने शांत होतो. लालबागच्या गल्लीत नेमके हेच शास्त्र चालते, फरक एवढाच की तेथे पाऊल कुठे टाकावे हे ठरविणारा जाणता शिक्षक बहुधा कोणी नसतो.

लोरेन्झ यांची गोष्ट याला पूरक आहे. डॅन्यूबकाठच्या आल्टेनबर्ग गावी त्यांचे बुली नावाचे कुत्रे आणि एका घराच्या आवारातील पांढरे स्पिट्झ कुंपणाच्या दोन बाजूंनी रोज एकमेकांवर भुंकत टोकापर्यंत धावत जात. एकदा कुंपणाचा काही भाग दुरुस्तीसाठी काढून नेला होता. दोघे नेहमीप्रमाणे त्वेषाने धावत आले, जेथे कुंपण संपले तेथून पुढे गेले आणि अकस्मात तोंडासमोर तोंड येऊन उभे राहिले. क्षणभर दोघांनाही काय करावे सुचेना. मग दोघेही एकाच वेळी वळले, कुंपण शाबूत होते तेथवर धावत परतले, आणि जणू काही घडलेच नाही अशा आवेशाने पुन्हा भुंकू लागले.

आपल्या हातातील दोरी हे असेच चालते-बोलते कुंपण आहे. मोकळी कुत्री भेटतात तेव्हा ती सरळ रेषेत येत नाहीत. किंचित वळसा घेतात, मान वळवितात, अंग हुंगतात आणि बहुतेक वेळा आपापल्या वाटेने निघून जातात. दोरीला बांधलेल्या कुत्र्यास हा शिष्टाचार पाळता येत नाही. धनी घाबरून दोरी खेचतो, गळा ताणला जातो, छाती पुढे येते आणि पुढचे पाय अधांतरी होतात, म्हणजे त्याच्या शरीरावर युद्धाची मुद्रा आपणच कोरतो; शिवाय पळण्याची वाट आपणच तोडलेली असल्याने हेडिगरांच्या पहिल्या वर्तुळाचा त्याला उपयोग उरत नाही. जे अंतर त्याला स्वतः राखता येत नाही ते त्याच्या वतीने धन्याने राखावयाचे असते, आणि माझ्या सांगण्याचे सारे सार एवढेच आहे.

हे अंतर बारा महिने सारखे नसते. आपल्याकडे कुत्र्यांचा भाद्रपद प्रसिद्ध आहे, आणि बंगालमध्ये कटवा परिसरातील मोकाट कुत्र्यांचे वर्षानुवर्षे धीराने निरीक्षण करणारे सुनील कुमार पाल यांच्या नोंदी या लोकज्ञानाला दुजोरा देतात: पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यांचा विणीचा हंगाम येतो आणि कलह वाढतात. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने कार्तिकापासून पौषापर्यंत गाडीखाली, जिन्याखाली पिल्ले असतात, आणि एरवी मवाळ असलेली कुत्री त्या दिवसांत कोणालाही जवळ येऊ देत नाही. त्यातून आपल्या लालबाग-परळात भाद्रपद म्हणजे गणेशोत्सव, ढोल-ताशे, फटाके आणि अहोरात्र गर्दी; निजावयास जागा न उरलेल्या, भेदरलेल्या प्राण्याचे वर्तुळ त्या दिवसांत अधिकच संवेदनशील झालेले असते. एरवी ज्या गल्लीतून आपण निर्धास्त जातो, तीच त्या दोन-तीन महिन्यांत टाळावी. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच पाडलेली असते. जेथे असे कान अधिक दिसतात तेथे भाद्रपदातले हे तंटे कमी, एवढे अनुमान काढता येते.

आता काठीचा विचार. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने दाखवून दिले आहे की रस्त्यावरची कुत्री माणसाचे हावभाव अचूक वाचतात आणि उगारलेली काठी पाहून मागे सरतात. हे खरे, परंतु मागे सरावयास जागा असेल तेव्हाच. भिंत आणि गाड्या यांच्यामध्ये सापडलेल्या कुत्र्यावर, किंवा पिल्ले पाठीशी असलेल्या आईवर काठी उगारणे म्हणजे निर्वाणीच्या वर्तुळात पाऊल टाकणे होय. ‘कळपाचा सरदार आपण आहोत हे कुत्र्याला दाखवून द्या’ अशी शिकवणही हल्ली फार विकली जाते. तिचे मूळ बासेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे; पुढे ती कल्पना लोकप्रिय करणारे डेव्हिड मीच यांनीच रानातल्या लांडग्यांचा दीर्घ अभ्यास करून १९९९ साली लिहिले की लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची मुले, सिंहासनासाठी झगडणारी फौज नव्हे. शास्त्रज्ञाने स्वतःचे मत इतक्या प्रांजळपणे मागे घ्यावे आणि बाजाराने ते तसेच विकत राहावे, याचा खेद वाटतो.

बिस्किटांचेही तसेच. चार कुत्र्यांत एक बिस्किट टाकले की भांडण पेटते, आणि रोज टाकले की तुमची चाहूल लागताच सगळी धावत येतात. भद्र यांच्या गटाला असे आढळले की अनोळखी माणसाविषयी विश्वास निर्माण होण्यास खाण्यापेक्षा वारंवार मिळालेला मायेचा स्पर्श अधिक उपयोगी पडतो. अनोळखी कुत्र्याला हात लावण्याचा सल्ला मी देणार नाही. पण काही दिवस आपल्या कुत्र्यावाचून, एकटेच, त्याच कोपऱ्यावरून शांतपणे ये-जा करावी, म्हणजे निदान दोरीच्या एका टोकाची ओळख पटलेली असते.

प्रत्यक्ष रस्त्यावर मग काय करावे? नजर हातातल्या फोनवर न ठेवता पुढच्या कोपऱ्यावर ठेवावी आणि कुत्री दिसताच, ती उठण्यापूर्वी, पलीकडच्या पदपथावर जावे किंवा उभ्या मोटारीचा आडोसा मध्ये घेऊन अर्धवर्तुळाने पुढे निघावे. दोरी आखूड असावी पण ताणलेली नसावी, आणि हाक देताच सोबत मागे वळण्याची सवय कुत्र्याला घरच्या ओवरीतच, खाऊ देऊन लावावी. भुंकत भुंकत मागे सरणारे कुत्रे केवळ जागा मागत असते. तोंड मिटून, अंग ताठ करून, शेपूट उंच व स्थिर ठेवून टक लावणारे अधिक धोक्याचे. पळू नये, कारण पळणाऱ्यामागे धावणे हा श्वानजातीचा धर्मच आहे. जवळ आलेच तर थांबावे, आपले कुत्रे पाठीशी घ्यावे, डोळ्याला डोळा न भिडविता एकदा ठणकावून ‘हट्’ म्हणावे आणि पाठ न फिरवता सावकाश मागे सरावे. मुंबईकराच्या हातात चार महिने असणारी छत्री येथे काठीहून श्रेष्ठ ठरते, कारण ती उघडताच मध्ये भिंत उभी राहते आणि कोणालाही इजा होत नाही. मात्र आपले कुत्रे तिला बुजणार नाही अशी तालीम आधी हवी. जुंपलीच, तर दोन जबड्यांमध्ये हात कदापि घालू नये. पाणी ओतावे, पिशवी किंवा छत्री मध्ये सारावी.

आणि दात लागलाच, ओरखडा उठला तरीही, नळाखाली साबणाने सलग १५ मिनिटे जखम धुवावी. रेबीजच्या विषाणूवर मेदाचे आवरण असते, ते साबणाने विरघळते. हळद, चुना, तिखट यांनी ते साधत नाही. हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी आणि पोटात टोचली जाणारी ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात आलेल्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे. तिनेही ती लस दीर्घकाळ देशाला पुरविली. आजची लस दंडात घेतली जाते, आणि ती चुकविण्यास सबब उरलेली नाही. आपल्या कुत्र्याची वार्षिक लसही चुकवू नये, आणि त्याला चावा बसला तर परळच्या बाई साकरबाई रुग्णालयासारख्या ठिकाणी त्याला विनाविलंब न्यावे.

तेव्हा वाचकभगिनींनी काठी घरी ठेवावी, बिस्किटे आपल्याच कुत्र्यासाठी खिशात असू द्यावीत आणि फिरणे मुळीच सोडू नये. उद्या पहाटे कोपरा येण्याआधी वीस पावलांवर रस्ता ओलांडावा. हातगाडीखालचे कुत्रे मान वर करील, दोघांकडे पाहील, आणि पाहता पाहता ती मान पुन्हा पंजांवर टेकवील.