साजगावी स्मरावा असा दयाळू वाणी

कार्तिक मासात खालापूर तालुक्यातील साजगाव, भाविकांची धाकटी पंढरी, यात्रेने गजबजते. येथील ‘बोंबल्या विठोबा’ हे नाव ऐकून नवखा हसतो. परंतु त्यामागे एका दयाळू दुकानदाराची कथा आहे. तो दुकानदार म्हणजे देहूचे श्रीतुकोबाराय.

परंपरा सांगते, की महाराज येथे मिरची विकावयास आले. त्यांनी विश्वासाने उधार माल दिला. गिऱ्हाइकांनी पैसे बुडविले. तेव्हा त्यांनी विठ्ठलाच्या नावाने बोंब ठोकली आणि देव धावून आला.

हा पुरुष व्यवहारात अजाण होता काय? मुळीच नाही. घरी पिढीजात महाजनकी होती. परंतु १६२९-३० च्या दुष्काळात त्यांनी माणसे अन्नावाचून तडफडताना पाहिली. पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. धाकट्या कान्होबाचा वाटा मात्र त्यास दिला. दया करावी ती स्वतःच्या पदरचे सोडून, हा त्यातील धर्म.

१६५० मध्ये तुकोबांचे वैकुंठगमन झाले. भाविकहो, साजगावच्या यात्रेत तराजू अजूनही झुकतात. दर्शनास निघण्यापूर्वी एवढेच आठवावे : कोणा गरीब दुकानदाराचे देणे आपल्या अंगावर राहिले नाही ना?